पंधरा फूट तीन इंच

३ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्राचा आधार घेतो आहे. दादा गेल्याला नऊ वर्षे झाली. तेव्हापासून आपल्या दोन घरांत येणेजाणे राहिले नाही, याची खंत आम्हा दोघांनाही आहे. तुमच्या जाऊबाई नेहमी आठवण काढतात.

पत्रास कारण की, आमच्या कारखान्याला रुग्णालयाच्या वसाहतीसाठी सात तयार घरांचे काम मिळाले आहे. घरे इथे उभी करायची, ट्रेलरवर चढवायची आणि तिकडे नेऊन पायावर ठेवायची. पहिले घर महिनाअखेरीस पोहोचले तर उरलेली सहा आमचीच. मात्र परमिटाच्या खिडकीवर नवा नियम सांगतात. रस्त्यातल्या पुलांच्या उंचीचा तक्ता आता मालकाने भरून चालत नाही. पायलट गाडीचे कार्ड असलेल्या बाहेरच्या माणसाने तो भरावा, आणि घर निघाले की त्याच माणसाने पुढे गाडी चालवावी. आपल्या भागात ते कार्ड फक्त तुमच्याकडे आहे, हे ऐकून ऊर भरून आला. दादाचे नाव राखलेत.

जुन्या कागदावरून तक्ता भरून सोबत पाठवला आहे. रस्ता तोच, रेल्वेपूल तोच. तुम्ही उन्हात उंची मोजायची काठी घेऊन हिंडायचे कारण नाही. शेवटच्या ओळीखाली सही तेवढी हवी.

घरचे माणूस म्हणून हक्काने लिहिले. मनात राग असला तर तो घटकाभर खुंटीला टांगावा आणि धाकट्यावर लोभ करावा.

तुमचा दीर


७ मार्च

भाऊजींस,
नमस्कार. वि. वि. खाली आहे, सावकाश वाचा.

नऊ वर्षांनी तुमचा ऊर भरून आला. जपा, या वयात बरं नव्हे.

तक्ता बघितला. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण आकडा मला कळतो. रेल्वेपूल पंधरा फूट सहा इंच, पुढे 'स्वतः मोजले'. अकरा वर्षांपूर्वीच्या तक्त्यावर हाच आकडा होता, हेच दोन शब्द होते आणि हेच वळणदार अक्षर होतं. घर तेव्हाही पंधरा फूट चार इंचांचं होतं. म्हणजे वर दोन इंच मोकळे. घराच्या उंचीची काठी बांधलेली गाडी पुढे न्यायची पद्धत तेव्हा नव्हती. भावाचं अक्षर बघून यांनी बिनघोर ट्रेलर पुलाखाली घातला. निळं छप्पर केळं सोलावं तसं सोललं आणि घर पुलात रुतून बसलं.

सात तास हे त्या घरापाशी उभे होते. मागे गाड्यांची रांग. जो उतरायचा तो यांची आईबहीण काढून जायचा. मग चौकशीचे साहेब आले, पाठोपाठ तुम्ही आलात. तुम्ही सांगितलंत की पूल मी स्वतः मोजलाय, दादानेच टायरमध्ये हवा जास्त भरली आणि घर उंच केलं. ज्याने तुम्हाला स्टिअरिंग धरायला शिकवलं त्याच्याबद्दल हे बोललात. यांचं लायसन गेलं. दोन वर्षं खिडकीशी बसून हे हवेबद्दलच बोलायचे, हवा बरोबर होती म्हणायचे. मग तेही बोलायचे थांबले, आणि मग गेलेच.

आता त्या तक्त्यावरची तारीख आठवा. नाही आठवत? मी सांगते. त्या दिवशी तुम्ही माझ्या घरात तापाने फणफणत पडला होता, आणि कपाळावर ओल्या पट्ट्या मी ठेवत होते. मग पूल मोजायला कोण गेलं होतं, तुमचं भूत? चौकशीत मी हे सांगितलं, तर साहेब म्हणाले, बायको नवऱ्याचीच बाजू घेणार, कागद असेल तर दाखवा. कागद तुमच्याकडे होता, माझ्याकडे नुसतं तोंड होतं.

म्हणून आता मला कागद पाहिजे. त्या दिवशी काय झालं ते तुमच्या हाताने लिहून, खाली सही करून पाठवा. तो येईपर्यंत मी काठीला हात लावणार नाही. दुसरा कार्डवाला नदीपलीकडे आहे, त्याच्याकडे खुशाल जा. काठी बांधायला त्याला मीच शिकवलंय, मला मावशी म्हणतो.

जाऊबाईंना एवढी आठवण काढू देऊ नका, उचक्यांनी माझा जीव जाईल.

कळावं. लोभ तुमच्याच घरी ठेवा, इथे जागा नाही.

तुमची वहिनी


१२ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पुरलेली मढी उकरून कोणाचे भले होते? तरी तुमच्या शब्दाला मान देऊन सोबत कागद जोडला आहे. 'सदर दिवशी पुलाच्या उंचीची नोंद घेताना माझ्याकडून नजरचुकीने किंचित तफावत राहिली असण्याची शक्यता आहे.' एवढ्यावर समाधान मानावे. परमिट निघायला आठ दिवस लागतात, हे तुम्हीही जाणता. दिवस थोडे आहेत.

थोरलेपणा दाखवाल आणि पूर्वीची माया पुन्हा लावाल, अशी आशा आहे.

तुमचा दीर


१४ मार्च

भाऊजींस,
न. वि. वि.

तुमचा कागद तुम्हालाच परत. नजर तिथे गेलीच नव्हती, मग ती चुकली कशी? आणि किंचित तफावत म्हणजे काय, बटण तुटलेला सदरा?

तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते, उतरवून घ्या. उतरवण्यात तुमचा हातखंडा आहे. पहिलं वाक्य, मी पुलावर गेलो नव्हतो. दुसरं, मी तापाने दादाच्या घरी झोपलो होतो. तिसरं, आकडा मी जुन्या कागदावरून उतरवला आणि 'स्वतः मोजले' असं खोटं लिहिलं. चौथं, दादाने हवा बरोबर भरली होती, मी त्याच्यावर खोटा आळ घातला. चारच वाक्यं. मध्ये 'सदर' दिसलं तर पुन्हा परत पाठवीन.

दिवस थोडे आहेत म्हणता. ते तुमचे. माझ्याकडे नऊ वर्षांचे साठलेत.

कळावं. मायेचं काय ते चौथ्या वाक्यानंतर.

तुमची वहिनी


१७ मार्च

वहिनी,

लिहिले आहे. सांगितलेत तसे, चारही वाक्ये. सोबत आहे.

तुमच्या जाऊबाईंना यातले काही ठाऊक नव्हते. मी लिहीत असताना त्या समोर येऊन बसल्या. तिसऱ्या वाक्यावर माझा हात थांबला, तेव्हा पुढे लिहा म्हणून त्यांनीच बजावले. परवापासून ताट समोर आदळतात आणि आत जातात. तोंडातून शब्द नाही.

आता तरी तक्ता द्या.

दीर


१९ मार्च

भाऊजींस,
न. वि. वि.

कागद पोचला. तीनदा वाचला. मला वाचायला वेळ लागतो, पण एवढा गोड मजकूर मी आजवर वाचला नव्हता.

आज सकाळी पूल मोजला. डाव्या कडेला, मध्ये आणि उजव्या कडेला. सगळीकडे पंधरा फूट तीन इंच. पाटी अजून पंधरा सहाच सांगते. पूल खाली आलेला नाही, रस्ता वर आलाय. डांबरावर डांबर घालतात, पाटी बदलायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. रुळांवरच्या जुन्या कामगाराला विचारलं. तो म्हणाला, शेवटचा जाड थर बारा वर्षांपूर्वी पडला, पुढे दर वेळी आधीचा खरवडूनच नवा टाकतात. म्हणजे यांच्या वेळीही पंधरा तीनच होतं. काठी घेऊन कोणीही शेंबडं पोर गेलं असतं तरी कळलं असतं.

घर पंधरा चार, पूल पंधरा तीन. एका इंचाने माझा माणूस गेला. खरा आकडा हातात असता तर यांनी काय केलं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हालाही त्यांनीच शिकवलंय. पुलाअलीकडे टायरमधली हवा कमी करायची, घर दोन इंच खाली बसवायचं, हळू पार करायचं आणि पलीकडे पुन्हा भरायची. तासाभराचं काम. ज्या हवेवरून तुम्ही यांना बुडवलंत, तीच हवा यांना वाचवणार होती.

तक्त्यावर खरा आकडा घातलाय आणि सही केलीय. पण ट्रेलर तुम्ही स्वतः चालवायचा. तुमच्या अक्षरावर मी दुसऱ्या कोणाच्या नवऱ्याला पुलाखाली जाऊ देणार नाही. परमिट हातात आलं की मागच्या बाजूच्या अटीही वाचा. मी सगळ्या वाचल्यात, बोट ठेवून. नववी तर पाठच आहे.

अठ्ठावीस तारखेला सकाळी दहाला कारखान्याच्या फाटकाशी येते. तोवर लोभाची घाई करू नये.

तुमची वहिनी


२९ मार्च

वहिनी,

घर पोहोचले. पण काल तुम्ही जे केलेत त्याला काय म्हणावे ते मला कळत नाही.

पुलाअलीकडे हवा काढली, तिथवर सगळे शिस्तीत झाले. तुमच्या गाडीवरची काठी पुलाखालून न टेकता गेली. तुम्ही मला पुढे घेतलेत. घर बरोबर अर्धे आत असताना लाल झेंडा दाखवलात. मला वाटले काही अडले. तुम्ही गाडीतून घडीची खुर्ची काढलीत, माझ्या समोर रस्त्यात मांडलीत, थर्मासमधून चहा ओतलात आणि बसलात.

मी खिडकीतून ओरडून विचारले काय अडचण आहे, तर तुम्ही परमिट उलटे करून माझ्याकडे धरलेत. नववी अट. पुलाखाली पायलटचा हिरवा झेंडा मिळाल्याखेरीज वाहन हलवू नये. मागे रांग लागली. घराने दोन्ही बाजू अडवलेल्या, त्यामुळे सायकलही निघेना. एका म्हाताऱ्याने काच ठोकून रस्ता माझ्या बापाचा आहे का म्हणून विचारले. एक बाई म्हणाली, गाडी चालवता येत नसेल तर घरी बसून लसूण सोला. एकाने जे सुनावले ते कागदावर लिहिता येत नाही. घसा कोरडा पडला होता, आणि तुम्ही माझ्यासमोर दुसरा कप ओतलात.

मग करण्यासारखे काही उरले नाही म्हणून वर पाहिले. पुलाच्या पोटाला निळ्या रंगाचा ओरखडा अजून आहे. हातभर लांब. त्यानंतर मी ओरडलो नाही.

बरोबर एका तासाने तुम्ही उठलात, खुर्ची मिटलीत आणि हिरवा झेंडा दाखवलात. जणू काही झालेच नाही.

तक्रार करणार होतो. अर्ज लिहायला घेतला, तर तुमच्या जाऊबाई इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, अर्ज दिलात तर साक्षीला मी वहिनींच्या बाजूने उभी राहीन. अर्ज फाडला.

सूड उगवून झाला असेल तर तसे एका ओळीने कळवा. पुढची सहा घरे न्यायची आहेत आणि मी थकलो आहे.

दीर


२ एप्रिल

भाऊजींस,
सप्रेम लिहिणार होते, हात वळला नाही. न. वि. वि.

घर चांगलं पोहोचलं. वसाहतीतल्या नर्सबाईने माझ्यासमोर खिडक्या उघडून-मिटून बघितल्या, एकही घासत नाही. भिंतीला चीर नाही. परमिटाची वेळ दहा ते चार, आपण तीनला पोचलो. मी वेळ बघूनच खुर्ची मांडली होती. त्या बाईच्या घराला उशीर व्हायला नको होता. तो तुम्हाला व्हायला पाहिजे होता.

तुमची चार वाक्यं परमिटाच्या खिडकीवर नेऊन दिली. कारकुनाने वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग आत जाऊन यांची फाईल काढली, वरची धूळ झटकली आणि कागद सगळ्यात वर लावून शिक्का मारला. म्हणाला, बाई, गेलेल्या माणसाला लायसन परत देता येत नाही. मी म्हटलं, लायसन कोणाला पाहिजे, ते 'चालकाचा दोष' खोडा. त्याने लाल शाईने खोडलं. मी खिडकीशी उभी राहून बघितलं, पट्टी लावून सरळ रेघ मारली.

शिक्का मारलेल्या तुमच्या कागदाची एक नक्कल तुम्हाला पाठवतेय. दुसरी माझ्या गाडीच्या मागच्या काचेला लावलीय, तोंड बाहेर करून. पुलाखाली थांबलात की ती बरोबर तुमच्या डोळ्यांसमोर येईल. अक्षर तुमचंच आहे, वाचायला त्रास पडायचा नाही.

जाऊबाईंना माझा आशीर्वाद सांगा. त्यांनी खुशाल यावं, दार उघडं आहे. तुम्ही नाही.

आता तुमच्या एका ओळीचं. ओरखडा बघून तुम्ही ओरडायचे थांबलात, ते मलाही दिसलं. पण हे तिथे सात तास उभे होते आणि घरंही सातच आहेत. मी घरामागे एक तास धरलाय. एक झाला, सहा राहिले. दुसरं घर पंधरा तारखेला ना? दहाला फाटकाशी येते.

येताना पाणी बरोबर ठेवा. मी देणार नाही. यांनाही त्या दिवशी कोणी विचारलं नव्हतं.

कळावं. लोभाचं सातव्या घरानंतर बघू.

तुमची वहिनी