मोटर सुधारली, बाबा बिघडले

तुंगार्ली, कार्तिक वद्य चतुर्थी, १९७४

टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला आणि बाबा बिघडले. गेल्या वर्षी त्यांचे स्तोत्र टेपवर भरले तेव्हा मोटरच हळू फिरत होती, हे कोणाला ठाऊक! ऐकवतानाही तितकीच हळू, म्हणून आवाज खरा वाटे. आता बाबा नाहीत आणि मोटर ठणठणीत. पाठांतरात घाई केली की आमच्या मांडीवर चापट मारून लय दाखवणारा माणूस, आज गाडी चुकेल अशा लगबगीने देवाची नावे उरकतो आहे.

बाजारातला गणपत मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, मोटर मंदावली की हे सर्किट तिला जादा वीज देतं, पळाया लागली की हात आखडतं. वेग किती, ते ह्या स्क्रूवर. बाबा कसं म्हणायचे ते तुमालाच ठावं."

मला तरी कुठे? संध्याकाळभर स्क्रू फिरवला. जरा इकडे, बाबा. जरा तिकडे, तेही बाबाच!

शेवटी आईला ऐकवले. "हे कोण रे? हे नव्हेत ते."

"थांब, नीट करतो," म्हणून मी स्क्रूड्रायव्हर उचलला. तिने डोळे मिटले. "हं, आता आले बघ."

स्क्रूला मी अजून हातही लावला नव्हता. तिचा हात मात्र मांडीवर लय धरून पडत होता, टेपपेक्षा पुष्कळ सावकाश. त्या हाताला मोटर जुळवावी, हे माझ्यासारख्या पंडिताला सुचले ते ती उठून गेल्यावर.

उद्या तिला पुन्हा टेपसमोर बसवीन. पण मुद्दाम मागितला तर तो हात तसाच पडेल का?