न्यू लिनच्या घराची अधिकृत चिन्हं

सोमवार, १ सप्टेंबर
हसू नकोस, डायरी. इथे परदेशात, न्यू लिनला ताईकडे, दोन आठवड्यांसाठी येतो असं मीच म्हणालो होतो, मान्य. आठ महिने झाले, तेही मान्य. पण कादंबरी एकाच वाक्याची आहे आणि वाक्य अजून चालू आहे. मधेच उठून कुठे जाऊ?

मृदुलाताईने आज चहा देताना सांगितलं की जिजूंचे आईबाबा १४ तारखेला पुण्याहून येतायत, सहा महिन्यांसाठी, तर एक खोली लागेल. कोणती ते बोलली नाही. एका खोलीत ताई-जिजू, एकीत सिद्धी, एकीत मी. म्हणजे सस्पेन्स आहे.

मंगळवार, २ सप्टेंबर
भाचीला शाळेत प्रोजेक्ट. वय नऊ, विषय न्यू मेक्सिको या राज्याची चिन्हं. मी मदतीला बसलो. सिद्धी म्हणाली, आय डोन्ट नीड हेल्प, मामा. लाजते.

काय राज्य आहे. अधिकृत बिस्किट. अधिकृत टाय. अधिकृत प्रश्नसुद्धा: 'लाल की हिरवी?' म्हणजे जेवणावर कुठली मिरची घालू. त्याला अधिकृत उत्तरही आहे: 'ख्रिसमस', म्हणजे दोन्ही.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अधिकृत गोष्टीला कोणी घराबाहेर काढत नाही. आपल्या घराची चिन्हं ठरवायची. त्यात हळूच मी. अधिकृत लेखक.

गुरुवार, ४ सप्टेंबर
जेवताना ठराव मांडला. अधिकृत पक्षी सुचवा म्हटलं. जिजू म्हणाले, आहे की आपल्याकडे, अकराला उठतो आणि फ्रिजजवळ दिसतो. सगळे हसले. मी बराच विचार केला. इथला वेका पक्षी असावा, तो माणसांचं खाणं पळवतो.

'अधिकृत लेखक'वर ताई 'बघू' म्हणाली. ताईचं बघू म्हणजे जवळजवळ हो.

शनिवार, ६ सप्टेंबर
त्या राज्याला अधिकृत वासही आहे, भाजलेल्या हिरव्या मिरचीचा. पाव किलो मिरच्या आणल्या, तवा तापवला, वास टिकावा म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

स्मोक अलार्म फारच सेन्सिटिव्ह आहे. ताई अंगणात खोकत उभी. सिद्धी नुकतीच स्विमिंगहून आलेली, टॉग्जमध्ये, म्हणजे पोहण्याच्या कपड्यांत, कुडकुडत, कारण तिचा टॉवेल जिजू अलार्मखाली हलवत होते. वास मंजूर झाला नाही. पण जातही नाहीये. टिकाऊपणा सिद्ध.

सोमवार, ८ सप्टेंबर
ताई, जिजू आणि सिद्धी दार लावून बोलत होते. सत्काराची तयारी दिसते. सोमवारपासून लवकर उठणार. म्हणजे पुढच्या.

बुधवार, १० सप्टेंबर
शाळेत प्रदर्शन. कुर्ता घालून गेलो. सिद्धीच्या टीचर इथल्या पद्धतीने नमस्कार करत म्हणाल्या, किया ओरा, तुम्हीच का ते पक्षी?

पोस्टरच्या एका बाजूला न्यू मेक्सिको, दुसऱ्या बाजूला 'माय हाउस'. फॉरमॅट माझाच.
पक्षी: मामा (फ्रिजसमोरचं चित्र). स्टेटस: एन्डेंजर्ड.
वास: मामाज चिली.
प्रश्न: व्हेन इज मामा लीव्हिंग?
उत्तर: संडे.
खाली तीन सह्या. ताईची सगळ्यात ठळक.

तीनपैकी तीन चिन्हांत मी. चौथं उत्तर आहे, ते चिन्हात धरत नाही.

रविवार, १४ सप्टेंबर, दुपारी, बसमध्ये
माझा मित्र इंद्रनील 'ते रापा' नावाच्या ठिकाणी राहतो, त्याच्याकडे चाललोय. त्याला दोन आठवडे सांगितलंय.

आज घडलेलं लिहून ठेवतो. जिजूंचे बाबा भाऊसाहेब आणि आई सरोजकाकू एअरपोर्टवरून आले. मी बॅग घेऊन पॅसेजमध्ये. भाऊसाहेबांनी आत पाऊल टाकलं, नाक वर केलं आणि म्हणाले, मिरची भाजलीत का, अगदी घरी आल्यासारखं वाटलं. काकू म्हणाल्या, विमानात नुसतं उकडलेलं खाऊन तोंडाची चव गेली होती. मी ताईकडे बघितलं. ताईने छताकडे बघितलं. मी बॅग खाली ठेवली.

मग भाऊसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून, अगदी प्रेमाने, ताईला विचारलं, तुझा भाऊ किती दिवस आहे?

अधिकृत प्रश्न ऐकून सिद्धीने मान वर केली. जिजूंनी घसा साफ केला.

मी बॅग उचलली. दारात वळून म्हटलं, मग थांबू का अजून?

ताई, जिजू, सिद्धी, तिघांची तोंडं एकदम उघडली. अधिकृत उत्तर यायच्या आत मी दार ओढून घेतलं.