मिनिटांवरून आईचं भांडण

रविवार, संध्याकाळ

माझा हात मोडल्यापासून आईला मला बघायचंच होतं. आज ती लोहगडवाडीतल्या बाळूच्या हॉटेलात गेली. तिथं मिनिटाच्या हिशोबानं इंटरनेट मिळतं. इकडे देहूरोडला माझ्या फोनवर तिचा चेहरा नुसता अडकलेला. आवाज मात्र येत होता, बाळूशी भांडतानाचा.

"लेक दिसंना, मग पैसं कशाचं?"

"मावशी, मिनिटं तर गेली."

"तुजी गेली. मला कुटं मिळाली?"

खरंच की. बाळूनं त्या मिनिटांचे पैसे सोडून दिले आणि कॉल पुन्हा लावला. आई स्वच्छ दिसली. मी प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं हलवून दाखवली.

"मावशी, बोला की, मिनिटं चाललीत," बाळू म्हणाला.

आईची नजर माझ्या बोटांवरच.

"चालू दे. बगू दे जरा."