वेशीवरच्या मंडळाची पहिली आरती

१ जून २०२५, रविवार
घडलं ते असं:
१. सिंगापूरच्या वुडलँड्स मराठी स्नेहमंडळाला या गणपतीत पंचवीस वर्षं होतात.
२. स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास हवा आहे.
३. अध्यक्ष शिरीषकाकांनी तो मला लिहायला सांगितला.
४. माझ्याआधी दोघांनी नाही म्हटलं होतं. (अप्रस्तुत.)

तीन वर्षं इथे राहते, मंडळात कुणी बोलावलं नाही. तक्रार नाही, निरीक्षण आहे. पण इतिहास लिहिणारीला गणपतीला बाहेर ठेवता येणार नाही. यंदा मी त्यांच्यातली असेन. मला त्याची गरज नाही, ही वेगळी गोष्ट.
संकल्प: भावना नको. ज्याला दोन साक्षीदार, तेवढंच लिहायचं.

८ जून, रविवार
शिरीषकाकांकडे. मंडळ का काढलं? काका म्हणाले, मुलांवर मराठी संस्कार व्हावेत म्हणून. त्यांची मैत्रेयी सोफ्यावरून इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, बाबा, ट्रूथ सांग लाह, मोदकांसाठी. तिच्या आईने, सविताकाकूंनी, तिला आत पिटाळलं.
निघताना काकूंनीच सांगितलं. शहरातल्या मोठ्या मंडळात वुडलँड्सची माणसं पोचेपर्यंत मोदक संपलेले असायचे. एकदा कुणीतरी म्हणालं, आले वेशीबाहेरचे. पुलापलीकडे मलेशियाचं जोहोर, तेव्हा वेस खरीच. पण काकू भरल्या ताटावरून उठल्या. पुढच्या वर्षी इथे वेगळा गणपती.

१४ जून, शनिवार
पद्माकरकाका तेव्हाचे सचिव. मोदकांना त्यांचा दुजोरा. नोंद पक्की.
पहिल्या आरतीचं तबक मात्र कुणाच्या हातात होतं? सविताकाकू म्हणतात, आमच्या ह्यांच्या. पद्माकरकाकांच्या दमयंतीकाकू म्हणतात, काहीतरीच, शिरीष तेव्हा कापूर आणायला खाली गेला होता! या प्रश्नावरून दोन्ही घरांचा बारा वर्षं अबोला आहे. गणपतीला एक घर सकाळी येतं, दुसरं संध्याकाळी.
उपाय सोपा. समोरासमोर बसवायचं. इतकी वर्षं कुणाला सुचलं कसं नाही?

२८ जून, शनिवार
चौघांनाही उद्या माझ्या फ्लॅटवर बोलावलं आहे. आणखी कोण येणार, हे कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. हे खोटं नव्हे.

२९ जून, रविवार
दोन्ही काकू दारातच थबकल्या. बसल्यावर मी मसुदा वाचला: ‘मोदक न मिळाल्यामुळे मंडळ स्थापन झालं. पहिली आरती कोणी केली हे सिद्ध होत नाही. दोन्ही दावे अविश्वसनीय आहेत.’
सविताकाकू म्हणाल्या, अविश्वसनीय म्हणे! ऐकलंस ना दमयंती? दमयंतीकाकू म्हणाल्या, आपण नारळ खवत होतो तेव्हा ही बाई दुपट्यात होती. सविताकाकू म्हणाल्या, आणि तुझी उकड फसली होती! दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या. शिरीषकाका म्हणाले, पद्या, तबक दोघांनी धरलं होतं असं लिहून टाकू. पद्माकरकाका म्हणाले, टाक.
चौघं खाली हॉकर सेंटरच्या खाऊगाड्यांवर जेवायला गेले. मसुदा टेबलावरच राहिला.
बैठक पूर्ण यशस्वी. बारा वर्षांचं वैर मी मिटवलं. त्या आनंदात मला चल म्हणायचं राहून गेलं असणार.

२० जुलै, रविवार
शिरीषकाकांचा फोन. म्हणाले, अगं, इतिहास आम्ही चौघंच लिहितोय. आठवणी कशा, घरच्या माणसांनी सांगाव्यात. नंतर मेसेजवर विचारलं, माझ्या मसुद्याचं काय? उत्तरात अंगठा आला. संमती समजते.

१० ऑगस्ट, रविवार
स्मरणिकेची पीडीएफ मैत्रेयीने पाठवली. इतिहासात संस्कार आहेत, मोदक नाहीत. तबक दोघांनी धरलेलं. आभारांत खुर्च्या वाहणाऱ्यांचीही नावं आहेत. माझं नाही. जागा कमी पडली असावी. शेवटचं पान कोरं आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
लॅबमध्ये बुधवारची रजा टाकली आहे. आमंत्रण मंडळाच्या ग्रुपवर आलं असेल. मी ग्रुपवर नाही. एवढीच तांत्रिक अडचण.
पाठवलेला मेसेज:
‘शिरीषकाका, बुधवारी गणपतीला मी यायचं आहे का, ते कळलं नाही. इतिहासाबद्दल माझं काही म्हणणं नाही. आरतीला मागे उभी राहीन. हो किंवा नाही, मंगळवार, २६ ऑगस्टपर्यंत कळवावं. निहारिका.’