गोट्यांच्या रस्त्यावर उतरणं

बाबा, तुझ्या सायकलचं सीट मी बदललं. जुनं टोचत होतं. बाकी सगळं तुझंच आहे, समोरचा दांडासुद्धा. कासोटा घालून बाई पुरुषांच्या सायकलवर चालली की अजून लोक वळून पाहतात. गावातल्या बाया विचारतात, "काहून वं, तूच काहून फिरते? नवरा काय करते तुहा?" मी म्हणते, "वर बसून पाहून राहिला." मग गुमान लुगडी पाहतात.

नागपुरात कोष्ट्यांकडून लुगडी उचलायची, कॅरिअरवर गाठोडं बांधायचं आणि रामटेककडच्या गावांत विकायची, हा तुझा धंदा. आई गेली, मला घरी पाहायला कोणी नव्हतं, म्हणून चौथीतून शाळा सोडवलीस आणि समोर दांड्यावर बसवलंस. डांबरी रस्त्यावर तू एक शब्द बोलत नसायचास. नुसता माझ्या केसांत धापा टाकायचास. भूक लागली म्हटलं तरी "हूं". मग रामटेकच्या अलीकडे आपण डांबर सोडून आत वळायचो. तिथल्या पळसापासून दगडगोट्यांचा रस्ता लागायचा, आणि तू सायकल थांबवायचास. "उतर वं. टायर फाटला तं तुहा मामा देईन का?" मला राग यायचा. टायरची काळजी, माझ्या पायांची नाही. चप्पल कुठं होती मला. तू पुढं हँडल धरून ढकलायचास, मी मागून गाठोड्याला हात लावून चालायची, ते कलू नये म्हणून.

आणि तिथं तू बोलायचास. अजून दिसते मला तुझी पाठ. बंडी घामानं चिकटली आहे आणि तू मागं न पाहता बोलतो आहेस. घरी आईचं नाव काढलं की ताट सारून उठायचास, आणि इथं तिच्याबद्दलच सांगतो आहेस. तिला वांगी निवडता येत नसत, नेहमी किडकीच आणायची. दात पुढं होते म्हणून हसताना पदर तोंडावर घ्यायची. "तुही मायबी अशीच चाले माह्या मागं. तुहा हात हाय ना, तिथंच हात ठेवून." मी हात काढून पाहिलं, तिथं काय आहे ते. काही नव्हतं, नुसती गाठ. तेवढ्यात गाठोडं कललं. "हात काढू नको म्हटलं ना!" तू ओरडलास, आणि गाव येईपर्यंत तोंड उघडलं नाहीस. त्यानंतर मी कधी हात काढला नाही.

यंदा उन्हाळ्यात त्या रस्त्यावर डांबर पडलं. सगळं गाव खूश. "बरं झालं वं बाई, आता न उतरता बुंग जाशीन." मी हो म्हटलं. त्यांना काय सांगणार? घरी माझ्याशी फक्त रेडिओ बोलतो. त्या गोट्यांवरून मी इतकी वर्षं एकटी सायकल ढकलत गेले, एक हात हँडलवर, एक मागं. गाठोडं कलायचंच, एकटीला कुठं पुरतं. शिव्या द्यायची मी त्या रस्त्याला. पण तुझा आवाज यायचा. डांबरावर तू बोलत नाहीस, हे मला माहीत आहे.

हा कागद तुला कुठं धाडू? गाठोड्याच्या तळाला कागद लागतो, लुगड्याला मळ लागू नये म्हणून. तिथंच घालते.

परवा पळसाजवळ आले. रस्ता काळा, गुळगुळीत, नव्या डांबराचा वास. मी उतरले. मागं हात लावला आणि ढकलत चालले. मागून बैलगाडीवाला आला, म्हणाला, "पंक्चर झाली का वं बाई? टाक गाडीत सायकल."

"हाव, झाली," म्हटलं. "जा तू, मी चालते."

बाबा, दोन्ही चाकांत हवा टंच होती.