अस्वलाचं 'मले'

बुधवार, संध्याकाळ. मनीषनगर

उमरेडच्या शाळेतून येऊन तासभर झाला, अंगावरचा काटा अजून जात नाही.

मुलांसाठीच्या माझ्या पहिल्या चित्रपुस्तकात अस्वल म्हणायचं, 'मले भूक लागून राहिली.' संपादकांनी त्याचं 'मला भूक लागली आहे' केलं. काहून गप्प बसले मी? नंतर इतकी पुस्तकं लिहिली, चित्रं काढली, पण 'मले' पुन्हा लिहिलं नाही.

आज पहिलीतल्या एका पोरीनं तेच पुस्तक उघडलं, अस्वलावर बोट ठेवलं आणि ओरडली, "मले भूक लागून राहिली!"

मी चमकून तिच्या बाईंना विचारलं, "हिनं हे कुठं वाचलं?"

"तिले वाचता कुठं येते मॅडम! चित्र पाहून सांगून राहिली."

म्हणजे माझं अस्वल इतकी वर्षं 'मले'च म्हणत होतं. गप्प मीच बसले होते.