ईस्टरची टेप

३ मार्च
आमच्या ऑर्केस्ट्राचा इतिहास लिहायचं काम हालवार्दला दिलंय म्हणे! ओबो आणि क्लॅरिनेट ही फुंकवाद्यं समोर ठेवली तर चष्मा लावूनही ज्याला फरक सांगता येणार नाही, त्याला! आज घरी आला. वॉफल हादडली, तपकिरी चीज संपवलं, आणि मग विचारतो काय — बोर्गहिल्ड नेस्सेबद्दल काही सांगाल का?

बोर्गहिल्ड! पहिला ओबो, म्हणजे मुख्य वादकाची खुर्ची, बाबांची. त्यांच्या शेजारी दुसरा ओबो घेऊन जन्मभर बसलेली ती बाई. मी तिला बदक म्हणायचे. तिच्यावर म्हणे स्वतंत्र प्रकरण. मग खुर्च्या मांडणाऱ्यावरही लिही की!

९ मार्च
तालमीच्या नव्या दालनाला बाबांचं नाव द्यायचं ठरतंय. सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या आत पाटी लागणार. लागायलाच हवी. ईस्टरच्या त्या कार्यक्रमाची रेडिओची टेप आहे, तसा ओबो या देशात पुन्हा कुणी वाजवला नाही. समितीतली मंडळी माना डोलावत होती. निम्म्यांनी ती ऐकलेलीही नाही, मेल्यांनी.

१६ मार्च
हालवार्दचा फोन. म्हणतो, ईस्टरच्या टेपमध्ये लांब ओळीच्या मधेच श्वास घेतलाय, बाकीच्या टेपांत तुमचे वडील ती ओळ एका दमात काढतात — वाजवणारा दुसराच कुणी असेल का?

असा झापला त्याला! छापील पत्रकावर बाबांचं नाव आहे. आणि तो श्वास म्हणजे आमचं घराणं. बाबांच्या मागे त्यांच्या खुर्चीवर बसून मी जन्मभर तिथेच श्वास घेतला, शिष्यांनाही तेच शिकवलं. चालला मला अक्कल शिकवायला.

१७ मार्च
बाबा दर ईस्टरला ती टेप लावायचे. खिडकीकडे तोंड करून बसायचे. मधे कुणी बोललेलं खपायचं नाही. स्वतःचंच वाजवणं इतकं जीव लावून ऐकायचं? थोर माणसं ऐकतात. हालवार्दला काय कळणार!

२२ मार्च
हालवार्द आता वृद्धाश्रमात जाऊन आईला विचारायचं म्हणतो. चल म्हटलं, मीही येते. आईच त्याची खोड मोडेल.

२३ मार्च
टेप लावली. आई संत्रं सोलत होती. ऐकता ऐकता थांबली.

"बोर्गहिल्ड काय वाजवायची गं!"

आई, हे बाबा आहेत, मी म्हटलं.

"बाबा कुठले? त्या ईस्टरला आम्ही डोंगरावरच्या खोपीत अडकलो होतो. स्की घालून शनिवारी सकाळी उतरू, संध्याकाळच्या कार्यक्रमाला पोचू म्हणाले, आणि वादळ सुटलं. तू मावशीकडे होतीस. आम्ही हे रेडिओवर ऐकलं. ते म्हणाले, मला हे कधी जमणार नाही."

मग कुणाला सांगितलं का नाही?

"पत्रकं आधीच छापली होती. खाली आलो तर लोक अभिनंदन करायला दारात. हे गप्प बसले. ती बिचारीही गप्प बसली."

हालवार्द मान खाली घालून बसला होता. हसला असता तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च
पाटीवर बोर्गहिल्डबाईंचं नाव घाला, असं समितीला कळवलं.

ओबो काढला. त्या जागी श्वास न घेता वाजवून पाहिलं.

जमलं नाही.